शेवटचा डबा अंगणात

फाटक पडलंय, बाईक बंद केलीय आणि समोरून मालगाडी चाललीय. अशा वेळी आपण सगळेच एक काम करतो, डबे मोजतो. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस... मध्येच मागचा टेम्पोवाला उगाच हॉर्न मारतो आणि आकडा चुकतो. पण गाडी संपली हे कळायला आकडा लागतच नाही. सगळ्यात मागे एक छोटासा डबा येतो, त्याच्या उघड्या ओट्यावर एक माणूस हातात झेंडी घेऊन उभा असतो. गार्डचा डबा! तो गेला की फाटक उघडणार, सगळ्यांच्या गाड्या स्टार्ट.

अमेरिकेतल्या मालगाडीलाही असाच शेपटीचा डबा असे. त्याचं नाव कॅबूस. रंग बहुधा लाल, छतावर काचेची एक छोटी खोली, मागच्या ओट्यावर लोखंडी कठडा आणि आतल्या शेगडीचं धुराडं. तिकडची पोरं फाटकावर उभी राहून कॅबूसमधल्या माणसाला हात हलवायची आणि तोही हात हलवायचा. १९८० च्या दशकात हे डबे बघता बघता गेले. हजारो होते, थोडके नव्हते. बरेचसे भंगारात कापले गेले, काही संग्रहालयांत आणि गावोगावच्या बागांत जाऊन बसले. आणि काही चक्क लोकांच्या घरी आले. परसात, गॅरेजच्या बाजूला, शेताच्या कडेला रुळाचा एक तुकडा आणि त्यावर उभा कॅबूस. कोणी त्याची गेस्ट रूम केली, कोणी ऑफिस, कोणी नातवंडांचा अड्डा. जुनी बुलेट घेऊन ती वर्षभर दुरुस्त करत बसणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो. त्याच जातीचा हा छंद आहे, फक्त इथे बुलेट वीस-पंचवीस टनांची आहे!

पण हा डबा नीट करायचा तर आधी तो कशासाठी होता, हे कळावं लागतं. नाहीतर उरतो फक्त लाल रंगाचा पत्र्याचा खोका.

चाकांवरची खोली

कॅबूस हा शब्द मूळचा जहाजावरचा. जुन्या डच भाषेतल्या जहाजावरच्या स्वयंपाकघराच्या शब्दावरून तो आला, असं मानलं जातं. नाव चपखल आहे, कारण कॅबूसच्या मधोमध खरोखरच एक शेगडी असे. कोळशाची, नंतर तेलाची. तिच्यावर कॉफी उकळायची, रस्सा शिजायचा, थंडीत ओले हातमोजे वाळायचे.

आत राहायची ती गाडीची मागची टीम. तिचा प्रमुख कंडक्टर. आपल्या एसटीतला नव्हे, तिकडे अख्ख्या गाडीचा प्रमुख म्हणजे कंडक्टर. इंजिन चालवणारा पुढे असला, तरी गाडी कंडक्टरची. कोणता डबा कुठे सोडायचा, कोणत्या डब्यात काय माल आहे, ही सगळी कागदपत्रं कॅबूसमधल्या त्याच्या टेबलावर. सोबत ब्रेकमन आणि फ्लॅगमन. काही रेल्वेंमध्ये प्रत्येक कंडक्टरला स्वतःचा कॅबूस मिळे. मग आत पडदे, फोटो, आवडती खुर्ची. लांबच्या स्टेशनवर गाडी पोचली की लॉजमध्ये न जाता टीम तिथेच झोपे. हॉस्टेलची रूम समजा, फक्त दर दोन दिवसांनी वेगळ्या गावात जाणारी.

बाहेरून रोमँटिक दिसतं, पण काम जोखमीचं होतं. हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये आणला. मालगाड्यांवर तो सगळीकडे यायला पुढे बराच काळ गेला. तोवर ब्रेकमननी चालत्या गाडीच्या छतावरून एका डब्यावरून दुसऱ्यावर जात हाताने चक्रं फिरवून ब्रेक लावायचे. पावसात, बर्फात, रात्रीसुद्धा. किती जण पडून मेले, हातपाय गमावून बसले. १८९३ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून हवेचे ब्रेक आणि आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे केले, तेव्हा कुठे हे कमी होत गेलं.

त्यानंतर मागच्या टीमचं मोठं काम उरलं नजर ठेवण्याचं. डब्यांचे आस तेलात बुडलेल्या साध्या बेअरिंगवर फिरत. तेल आटलं की बेअरिंग तापे, धूर येई, आग लागे आणि शेवटी आस तुटून गाडी रुळावरून उतरे. याला म्हणत हॉटबॉक्स. वळणावर गाडीची पूर्ण लांबी दिसते, तेवढ्यात कुठे धूर दिसतो का, काही लोंबकळतंय का, हे बघायचं. त्यासाठीच छतावरची ती काचेची खोली, म्हणजे क्यूपोला. शिडीवरून चढायचं, उंच सीटवर बसायचं आणि गाडीच्या पाठीवरून पुढे बघायचं. १८६३ मध्ये एका कंडक्टरला छताला भोक असलेला डबा मिळाला, त्याने खोक्यांवर चढून त्यातून डोकं बाहेर काढलं आणि क्यूपोलाची कल्पना सुचली, अशी एक गोष्ट सांगतात. खरी-खोटी कोण जाणे, पण अशी जुगाडू गोष्ट कोणत्याही वर्कशॉपमध्ये खरी वाटेल. पुढे डबे उंच झाले, क्यूपोलातून पुढचं दिसेना, तेव्हा काही रेल्वेंनी छताऐवजी बाजूच्या भिंतींनाच बाहेर आलेल्या खिडक्या दिल्या. तो बे-विंडो कॅबूस.

आणि मध्येच गाडी थांबली तर? मागून दुसरी गाडी येऊन आदळू नये म्हणून फ्लॅगमनने लाल झेंडी किंवा कंदील घेऊन रुळांतून मागे चालत जायचं. अंधारात, एकट्याने. पुढे इंजिनाची शिट्टी झाली की धावत परत.

अजून एक गोष्ट बाहेरून कळत नाही. दोन डब्यांच्या जोडणीत थोडी मोकळीक असते. एका डब्यामागे पाच-सहा इंच धरा, शंभर डब्यांचे होतात जवळपास पन्नास फूट. इंजिन निघालं की ही सैल जागा एकेक करत ताणली जाते आणि शेवटचा डबा जागेवरून एकदम खेचला जातो. उभा माणूस आडवा होईल असा हिसका. म्हणून कॅबूसमध्ये जिकडे हात जाईल तिकडे पकडायला दांडे. शेगडीच्या वरच्या पत्र्याला सगळीकडून कड, भांडं घसरू नये म्हणून. दाराला भक्कम खिट्टी, निखारे बाहेर पडू नयेत म्हणून. हे लक्षात ठेवा, दुरुस्तीच्या वेळी कामाला येणार आहे.

फ्रेड आला, माणसं गेली

कॅबूसची नोकरी कोणी खाल्ली? एका डबीने. शेवटच्या डब्याच्या कपलरला अडकवायची, साधारण कॉलेजच्या सॅकएवढी डबी. ती ब्रेकच्या नळीतला हवेचा दाब मोजते, रेडिओवरून इंजिनाला कळवते आणि अंधारात लाल दिवा लुकलुकवते. रेल्वेवाल्यांनी तिचं नाव ठेवलं फ्रेड, म्हणजे 'फ्लॅशिंग रिअर एंड डिव्हाइस' या नावातली आद्याक्षरं. हॉटबॉक्स शोधायला रुळांच्या कडेला उष्णता ओळखणारी यंत्रं आली होतीच, रोलर बेअरिंगमुळे ती तापण्याची भानगडही कमी झाली होती. कागदपत्रं कॉम्प्युटरवर गेली. मग मागच्या डब्यात माणसं कशाला, असं कंपन्यांनी विचारलं. युनियन झगडली. १९८२ मध्ये देशपातळीवर करार झाला आणि कॅबूस काढायला वाट मोकळी झाली. काही राज्यांत कॅबूस लावलाच पाहिजे असा कायदा होता, तेही एकेक करत रद्द झाले. शेवटचं राज्य व्हर्जिनिया, १९८८ मध्ये. चार-पाच माणसांची टीम होती, तिथे बहुतेक मालगाड्यांवर दोघं उरले. दोघेही पुढे, इंजिनात.

डबी बरोबर आणि माणूस जुनाट, असं इतकं सोपं मात्र नव्हतं. कॅबूसमध्ये भिंतीवर हवेच्या दाबाचा काटा आणि शेजारी एक झडप असे. काही विपरीत वाटलं तर कंडक्टर ती ओढून मागूनच पूर्ण गाडीचा ब्रेक लावू शके. सुरुवातीच्या डब्या नुसतं सांगत, करत काही नसत. ब्रेकची नळी मध्येच कुठे तुंबली तर इंजिनातून लावलेला ब्रेक अडथळ्याच्या पुढच्या डब्यांपर्यंतच पोचतो. मागचे शेकडो-हजारो टन ढकलतच राहतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीच्या उतारावर असंच झालं. मागून ब्रेक लावू शकणारं यंत्र त्या गाडीवर कार्यान्वित नव्हतं. गाडी सुसाट सुटली, रुळावरून उतरली आणि इंजिनातल्या तिघांपैकी दोघे गेले. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, अशी दुतर्फी यंत्रं सक्तीची करणारा नियम आला. म्हणजे मागच्या डब्यातला तो माणूस ओढायचा ती झडप शेवटी डबीलाही द्यावी लागली.

हे आपल्यापासून फार लांबचं नाही हं. भुसावळ, मनमाड, दौंड, नागपूर या गावांत कोणाचे तरी बाबा किंवा काका मालगाडीवर गार्ड असतातच. जानेवारी २०२२ पासून त्या पदाचं नाव 'ट्रेन मॅनेजर' झालं. आपला ब्रेक व्हॅन कॅबूसच्या मानाने फारच साधा. क्यूपोला नाही, रस्सा शिजवायची शेगडी नाही. रात्रभर एकटा माणूस आणि धडधड. गाडीच्या पाठीवर 'एलव्ही' पाटी असते बघा, ती दिसली की स्टेशनवाल्याला कळतं गाडी पूर्ण आली, मध्ये तुटून डबे मागे राहिले नाहीत. कॅबूसच्या मागच्या दोन दिव्यांचं कामही तेच. आणि फ्रेडसारख्या यंत्रांच्या चाचण्या भारतीय रेल्वेनेही केल्या आहेत. तेव्हा फाटकावर झेंडीवाला दिसला तर या वेळी मोबाइल खाली ठेवा आणि हात हलवा.

डबा घरी आणायचा म्हणजे

कॅबूसमध्ये राहायची हौस अमेरिकेत आधीपासून होती. पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर भागात डोनाल्ड डेन्लिंगर नावाच्या माणसाने १९६९ मध्ये मित्राने डिवचलं म्हणून १९ जुन्या कॅबूसवर पडेल भावाची बोली लावली. मिळणार नाहीतच, ही खात्री. मिळाले! रेल्वे म्हणाली, आता घेऊन जा. एवढ्या डब्यांचं करायचं काय, तर १९७० मध्ये त्याने त्यांचं मोटेल सुरू केलं. ते आजही प्रसिद्ध आहे. तिकडे मोंटानात, ग्लेशियर नॅशनल पार्कच्या कडेला एसेक्स नावाचं छोटं गाव आहे. तिथे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९३९ मध्ये बांधलेल्या हॉटेलच्या आवारात कॅबूसच्या खोल्या करून पाहुण्यांना देतात. आपल्याकडे सीएसएमटीच्या बाहेर २०२१ मध्ये जुन्या डब्यात रेस्टॉरंट सुरू झालं, तशातलाच प्रकार.

पण घरी, स्वतःच्या अंगणात? समजा, तुम्ही तिकडे आहात आणि तुम्हाला एक कॅबूस सापडलाय. पहिला धडा हा की डबा विकत घेणं हा सगळ्यात सोपा भाग. तो उचलून आणायचा खर्च डब्याच्या किमतीएवढा, बऱ्याचदा त्याहून जास्त येतो. वजन वीस-पंचवीस टन, म्हणजे पाच-सहा थोराड हत्ती. रस्त्यावरून नेताना उंची आणि रुंदीचा प्रश्न, त्यासाठी वेगळा परवाना, वाटेतले पूल आणि लटकत्या तारा आधी जाऊन मोजायच्या.

इथे एक भारी इंजिनीअरिंग दिसतं. आपण बोलताना डब्यालाच बोगी म्हणतो. खरं तर बोगी म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा संच. कॅबूसला असे दोन असतात आणि डबा त्यांना नटबोल्टने आवळलेला नसतो. बोगीच्या मध्यभागी एक गोल बैठक, तिच्यात एक जाड खिळ, आणि त्यावर डबा निव्वळ स्वतःच्या वजनाने बसलेला. म्हणूनच वळणावर बोगी खालच्या खाली फिरू शकते. त्यामुळे क्रेनने डबा वर उचलला की चाकं खालीच राहतात. ब्रेकच्या दांड्या सोडवायच्या, डबा एका ट्रेलरवर, बोग्या दुसऱ्यावर. घरी पोचल्यावर उलट क्रम. क्रेनवाला सावकाश डबा खाली सोडतोय आणि खाली वाकलेली दोन माणसं ती खिळ भोकात बसतेय का बघतायत, हा या छंदातला सगळ्यात घशाला कोरड पाडणारा क्षण.

बोग्या ठेवायच्या तर आधी रूळ हवा. नुसती जमीन चालत नाही, चाकं रुततात. माती काढायची, खडी पसरायची, दाबायची, स्लीपर टाकायचे, रूळ ठोकायचे. दोन रुळांतलं अंतर १४३५ मिलिमीटर. अमेरिकेत जुना रूळ ३९ फुटांचा असतो, कारण तो ४० फुटी वाघिणीत बसायला हवा. साधं उत्तर, पण किती जणांना सुचेल? रुळाचं वजन यार्डावर मोजतात. समजा ९० पौंडी रूळ मिळाला, तर १३ यार्डांचे झाले ११७० पौंड, म्हणजे ५३० किलोच्या आसपास. दोन रूळ म्हटले की टनाच्या वर गेलोच. बऱ्याच कॅबूसना अशी एक जोडी पुरते. मित्रांना पिझ्झाचं आमिष दाखवून हे काम होत नाही, मशीन आणावंच लागतं.

नगरपालिकेचा घोळ वेगळा. हे बांधकाम आहे की वाहन? चाकं आहेत, पण जात कुठेच नाही. पाया नाही, पण पाहुणे झोपणार. प्रत्येक गावचं उत्तर वेगळं, त्यामुळे शहाणी माणसं डब्याला हात लावण्याआधी परवानगीला हात घालतात. शेजाऱ्यांशीही आधी बोललेलं बरं. सकाळी उठून खिडकी उघडली आणि समोर आगगाडी, हे प्रत्येकाला झेपेल असं नाही.

रंगाखाली काय आहे

आता खरी मजा आणि खरं काम. पंचवीस-तीस वर्षं सेवा, मग पुन्हा तितकीच वर्षं उन्हापावसात. गंज हा पहिला शत्रू आणि तो वरून येतो. क्यूपोला छताला जिथे मिळते तो सांधा, धुराड्याभोवतीची जागा, जुन्या छतावर चालायच्या पट्ट्या काढल्यावर राहिलेली भोकं. पाणी तिथून शिरतं, भिंतीच्या आतून खाली उतरतं आणि खिडकीखालचा पत्रा कुजवतं. नवशिके आधी आतलं फर्निचर करायला घेतात. क्रम असा आहे: छत, मग खिडक्या, मग बाकी सगळं. छत गळत असताना सोफा आणू नये. अर्थात हे ऐकतं कोण!

दुसरा शत्रू दिसत नाही. अमेरिकेत घरांसाठीच्या शिशाच्या रंगावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या कॅबूसवर शिशाचा रंग असणार हे धरूनच चालायचं, थरावर थर. पॉलिश पेपरने घासायला घेतला की ती धूळ नाकात जाते, अंगणात पसरते, लहान मुलांच्या मेंदूला तर ती फारच घातक. शेगडीमागच्या पत्र्याखाली किंवा पाइपाभोवती अॅस्बेस्टॉस निघू शकतं. ते आपण काढायचंच नाही, त्यातल्या जाणकारांना बोलवायचं. रीलमध्ये हाफ पँटवर ग्राइंडर चालवणारा कूल दिसतो, त्याचं अनुकरण नको. चाचणी, बरा मास्क, खाली प्लॅस्टिक आणि ओलं करून खरवडणं, इतकं तरी हवंच.

रंग खरवडताना मात्र एक वेगळीच गंमत होते. वरचा थर लाल, त्याखाली निळा, त्याखाली हिरवा, मग पुन्हा लाल. रेल्वे कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या आणि प्रत्येकीने आपला रंग चढवला. पूर्वेकडच्या डब्यावर कॉनरेलचा निळा, त्याच्या पोटात पेन सेंट्रलचा हिरवा आणि तळाशी पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा तांबडा निघाला, की समजा अर्धा शतकाचा कंपनी इतिहास एका नखाएवढ्या टवक्यात आला. तिरप्या उजेडात जुन्या अक्षरांचे वळ उमटतात. बाजूला 'बीएलटी' अशी अक्षरं आणि पुढे महिना-वर्ष सापडलं तर ती डब्याची जन्मतारीख. बोगीच्या ओतीव लोखंडावरही साल असतं, पण ते फसवू शकतं. बोग्या बदलल्या जातात. डब्याचा नंबर नक्की झाला की त्या त्या रेल्वेच्या इतिहासप्रेमी मंडळांकडे नकाशे, जुने फोटो मिळतात. एकेका अक्षराची उंची किती, इथपर्यंत माहिती असणारे लोक तिथे असतात आणि चुकलात तर ते तुम्हाला झोपू देत नाहीत.

खिडक्यांची कथा वेगळीच. जाणाऱ्या गाडीवर दगड मारणं हा उद्योग तिकडेही आहे. आतल्या माणसांच्या सुरक्षेसाठी मजबूत काचेचा नियम आला, तेव्हा प्रत्येक खिडकीला महागडी काच बसवण्यापेक्षा कित्येक खिडक्यांवर सरळ लोखंडी पत्रा वेल्ड करून टाकला. म्हणून विकायला आलेले अनेक कॅबूस आंधळे दिसतात. हा पत्रा कापून काढायचा, खालची चौकट वाचवायची, नवी काच बसवायची. एक खिडकी उघडली की आत उजेडाचा चौकोन पडतो आणि पहिल्यांदा तो डबा खोलीसारखा वाटायला लागतो.

मग येतो तो मोठा प्रश्न, ज्यावर या छंदातले लोक तासन् तास वाद घालतात. आत काय करायचं? एक गट म्हणतो, सगळं उपसा. पांढऱ्या भिंती, क्वीन साइझ बेड, एसी, वायफाय, छोटं किचन. लोखंडी डबा उन्हाळ्यात भट्टी होतो, हिवाळ्यात फ्रीज. भिंतीत इन्सुलेशन भरल्याशिवाय राहता येणारच नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. दुसरा गट म्हणतो, कंडक्टर उद्या सकाळी ड्युटीवर येणार असल्यासारखा ठेवा, अगदी बाकड्याच्या गादीच्या कापडापर्यंत.

मला विचाराल तर, वायरिंग आणि इन्सुलेशन नवं करा, त्यात पाप नाही. रुळावर उघडणारं जुनं टॉयलेट ठेवा असं तर कोणीच म्हणणार नाही. पण चार गोष्टींना हात लावू नये. कंडक्टरचं टेबल, कड असलेली शेगडी, पकडायचे दांडे, आणि भिंतीवरची ती झडप नि तिचा काटा. 'डोक्याला लागतात' म्हणून दांडे कापले आणि 'जागा अडते' म्हणून शेगडी विकली की उरतं ते लाल रंगाचं कंटेनर होम. ते काय, कुठेही मिळतं. दांडा जागेवर असला तर आलेला प्रत्येक जण विचारतो, हा इतक्या ठिकाणी का? मग ते पन्नास फुटांचं गणित सांगता येतं आणि बर्फातून कंदील घेऊन मागे चालत गेलेल्या फ्लॅगमनची गोष्टही. ज्या माणसांची नोकरी एका डबीने खाल्ली, त्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं लोखंड आहे ते. वर चकचकीत रंग मारायचाही मोह आवरावा.

काम कधी संपतं? बहुतेकांचं संपतच नाही, दर वीकेंडला काही ना काही निघतं. पण एकदा छत गळायचं थांबलं आणि शेगडीचं धुराडं तपासून झालं, की वापर सुरू होतो. पोरं शाळेतून आली की थेट क्यूपोलात. अभ्यासाची पुस्तकं वर गेलेली असतात, अभ्यास होतो का ते वेगळं. कोणी कंडक्टरच्या टेबलावर लॅपटॉप मांडून वर्क फ्रॉम होम करतं. जगात इतकं अवजड होम ऑफिस क्वचितच कोणाचं असेल. थंडीत शेगडी पेटली की लोखंड तापताना टिकटिक वाजतं, कॉफीचं भांडं कडेला टेकून उभं राहतं. जवळून खरी रेल्वेलाइन जात असली तर हौशी लोक रेडिओ स्कॅनर लावून बसतात. रुळाच्या कडेचं यंत्र गाडी गेल्यावर रेकॉर्ड केलेल्या आवाजात सांगतं: अमुक मैल, काही दोष नाही, एकूण आस इतके. क्यूपोलात बसून माणूस जे बघायचा, ते आता यंत्र बोलून दाखवतं, आणि ते ऐकायला लोक क्यूपोलातच बसलेले असतात.

संध्याकाळी मागचे दोन दिवे लावायचे, हा बऱ्याच घरांतला नेम. आणि रात्री दार ओढून घेण्याआधी अजून एक काम असतं. ओट्यावरचं हातब्रेकचं चक्र आवळलंय ना आणि चाकांखाली लाकडी पाचरी नीट बसल्यात ना, हे बघायचं. ३९ फुटांचा रूळ, दोन्ही टोकांना गवत. पण पंचवीस टन लोखंड चाकांवर उभं असलं की त्याला निघायला किंचितसा उतार पुरतो, आणि उताराच्या बाजूला बहुधा शेजाऱ्यांचं किचन असतं.